२० लिटरची ड्राय बॅग : पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

परदेशात समुद्रकिनारी अडीच महिने राहून परतल्यावर, आणि त्यानंतर आणखी तेवढेच दिवस पोहण्याच्या तलावावर हीच बॅग नेल्यावर, हा अनुभव लिहीत आहे. बॅग साधीच आहे : पॉलिस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा थर, शिवणीऐवजी वितळवून जोडलेले सांधे, आणि वरचे तोंड गुंडाळून लावायचे प्लॅस्टिकचे बकल. घेताना मी एवढेच पाहिले होते की बाहेरचे पाणी आत शिरता कामा नये. आतले पाणीही बाहेर पडत नाही, याचे मोल मला सुट्टीच्या शेवटच्या तीन दिवसांत कळले, आणि माझ्या मते अशी बॅग घेण्याचे खरे कारण तेच आहे.

पहिल्या दोन महिन्यांबद्दल तक्रार करण्यासारखे काही घडले नाही. तोंडाची पट्टी सरळ जुळवून तीन वेढे दिले की होडीत उडणाऱ्या पाण्याने किंवा एखाद्या लाटेच्या फटक्यानेही आतला फोन व कपडे भिजले नाहीत. घाईत दोनच वेढे दिले, त्या दिवशी टॉवेलचे टोक ओले निघाले. ही बॅग शिंतोड्यांसाठी आणि थोडा वेळ तरंगण्यासाठी आहे. पाण्याखाली नेण्यासाठी ती नाही, त्यामुळे कॅमेऱ्यासारखी वस्तू केवळ तिच्या भरवशावर ठेवू नये.

शेवटच्या दिवसांचे गणित मात्र वेगळे असते. तोवर ओला टॉवेल दोरीवर टाकला की आज नाही तर उद्या वाळत असे. आता तो ‘उद्या’ उरलेला नसतो. त्यात समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मोठ्या टॉवेलने अर्धा लिटर पाणी धरले, तर सुकल्यावर १७ ग्रॅमच्या आसपास मीठ धाग्यांत राहते, आणि त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेत असल्याने दुपारी कोरडा वाटलेला टॉवेल रात्री पुन्हा दमट लागतो. गोड्या पाण्याने मीठ काढल्याशिवाय कितीही वाळवले तरी ते फुकट जाते. आमच्या खोलीत बादली नव्हती आणि बेसिन उथळ होते, म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी मी बॅगेतच दहा-बारा लिटर पाणी भरले आणि पोहण्याचे चष्मे, स्नॉर्कल, चपला व शेवटी टॉवेल असे एकेक करून अर्धा-अर्धा तास भिजत ठेवले. बॅग भिंतीला टेकवून उभी केली होती. खाली एक थेंबही आला नाही. चष्म्याच्या पट्ट्यांवर आलेली पांढरी खर त्या पाण्यात पूर्ण विरघळली.

निघण्याच्या दिवशी पहाटे आम्ही शेवटचे पोहून घेतले. ते सोडवत नव्हते, आणि ओले कपडे कुठे भरायचे ही चिंता नसल्यामुळेच ते जमले. कपडे गोड्या पाण्यात खळबळून, घट्ट पिळून बॅगेत घातले आणि ती मोठ्या सुटकेसमध्ये ठेवली. येथे एक काळजी घ्यावी लागते. विमानातील हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरू शकतो, आणि त्यामुळे बंद बॅगेत राहिलेली हवा जवळजवळ एक तृतीयांशाने फुगते. म्हणून बॅगेवर गुडघा टेकवून हवा पूर्ण बाहेर काढावी आणि मगच वेढे द्यावेत. एकोणीस तासांनी घरी सुटकेस उघडली तेव्हा शेजारची पुस्तके कोरडी होती. ओल्या कपड्यांना कुबट वास सुटला होता, पण एका धुण्यात तो गेला.

आता दोष. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बकल अडकले. भिंग लावून पाहिले, तेव्हा दोन दात्यांच्या बेचक्यात वाळूचा एकच कण मिठाच्या पापुद्र्याने चिकटलेला दिसला. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश यांनी तो निघाला. रोज बॅग धुताना बकल धुण्याचे माझ्या लक्षात आले नव्हते, ही चूक माझी. पट्ट्याची कडी गंजली, ती मात्र विक्रेत्याची चूक आहे, कारण वर्णनात ती न गंजणाऱ्या पोलादाची असल्याचे स्पष्ट लिहिले होते. तिचा तांबूस डाग एका पांढऱ्या सदऱ्यावर कायमचा बसला, आणि दोन वेळा लिहूनही विक्रेत्याकडून उत्तर आले नाही. याशिवाय जेथे वेढे पडतात तेथे थर पांढुरका होऊ लागला आहे. अजून चीर गेलेली नाही.

त्याच संध्याकाळी बॅग उलटी करून झटकली, तर वाळूबरोबर प्रवाळाचा नखाएवढा तुकडा पडला. कठीण प्रवाळांच्या व्यवहारावर सायटिस या, वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराबाबतच्या कराराचे निर्बंध असून मेलेला तुकडाही परवान्याशिवाय नेणे अडचणीचे ठरू शकते, म्हणून तो किनाऱ्यावर नेऊन ठेवला. बॅग आतून-बाहेरून उलटी करून तपासणे प्रत्येकानेच करावे.

धातूची कडी नसलेली अशीच बॅग मिळाली तर मी पुन्हा २० लिटरचीच घेईन. १० लिटरच्या बॅगेत दोन ओले टॉवेल भरले की तीन वेढे देण्यापुरते तोंड शिल्लक राहत नाही.