मुलाखती चालू असताना: बँडचे कार्यक्रम की घरी बसून गाणी?

नोकरी शोधताय, हाताशी एक बँड आहे आणि वहीत अर्धीमुर्धी गाणी पडली आहेत, तर घरच्यांच्या लेखी हे सगळं एकच असतं: "वाजवत बसलाय." आपल्याला ठाऊक असतं की बँडबरोबर कॅफेत, हॉटेलात कार्यक्रम करणं वेगळं आणि स्वतःचं गाणं लिहिणं वेगळं. एकाचे तास संध्याकाळचे, दुसऱ्याचे कुठलेही. एकाला चार माणसं लागतात, दुसऱ्याला कोणीच लागत नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. पुण्यात दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात आधी कार्यक्रम चालू ठेवून पाहिले, नंतर ते बरेचसे थांबवून गाणी लिहून पाहिली. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. तरी बँडची बाजू मनापासून मांडायचा प्रयत्न करतो, कारण ती पोरं अजूनही माझी मित्र आहेत.

पैशांचं आधी उरकून टाकू. कॅफेतल्या एका संध्याकाळचं मानधन चौघांत वाटलं, जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, भाडं आणि ॲम्प न्यायची-आणायची रिक्षा वजा केली, की उरतं ते मोबाइल रिचार्जपुरतं. कंपनीची पार्टी किंवा लग्नाचं संगीत मिळालं तर आकडा बरा असतो, पण तिथे तुमच्या आधी हिंदी गाण्यांची यादी पोचलेली असते आणि तुमचं स्वतःचं गाणं शेवटी, लोक जेवायला उठल्यावर. चेकने पैसे आले आणि टीडीएस कापला असेल, तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर दिसतोय ना, ते बघून ठेवा. वर्षात पगार फारसा झाला नसेल तर रिटर्न भरल्यावर हा कापलेला कर परत मिळतो. गाणी लिहिण्यातून हाती काहीच येत नाही. म्हणजे पैशात बँड पुढे, पण इतका थोडा पुढे की त्यावर निर्णय घेऊ नये.

मनाच्या बाबतीत मात्र बँड खूपच पुढे आहे, हे कबूल करायला हवं. तीन फेऱ्या झाल्यावर "वी विल कीप युवर प्रोफाइल ऑन रेकॉर्ड" असा मेल येतो त्या संध्याकाळी गाणं सुचत नाही. सुचलंच तर रडकं सुचतं. अशा वेळी जॅमरूमच्या दाराशी चपला काढून आत जायचं, भिंतीवर तो काळा फोम, जुन्या एसीचा ओलसर वास. ड्रमर काठ्यांवर चार मोजतो आणि पहिल्या ठोक्याला छातीत धस्स होतं. पुढचे दोन तास "काही झालं का रे कुठे?" असं कोणी विचारत नाही. आमची ओळख कॉलेजात फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमींपासूनची, त्यामुळे विचारायची गरजही नसते. नुसतं घरी बसून लिहिणाऱ्याला हे मिळत नाही. ज्यांना घरातल्या शांततेचा त्रास होतो, त्यांनी माझं पुढचं म्हणणं जरा बेतानेच घ्यावं.

तरीही मी बरेचसे कार्यक्रम थांबवले, ते एका गोष्टीपायी. ती म्हणजे "होल्ड."

ज्यांनी कार्यक्रम केलेत त्यांना हा मेसेज पाठ असेल: "भावा, शनिवार होल्ड कर, उद्यापर्यंत कन्फर्म करतो." उद्या काही येत नाही. परवा विचारलं तर "मालकाशी बोलतोय." शुक्रवारी दुपारी एकदम "डन" तरी येतं, नाहीतर काहीच येत नाही. तोवर चौघांनी शनिवार बाजूला ठेवलेला असतो. ड्रमर बँकेत आहे, त्याने शाखेत कोणाशी तरी अदलाबदल केलेली असते. बास गिटारवाल्याने भाच्याचा वाढदिवस रविवारी ढकललेला असतो. आता यात एकाने "मला जमणार नाही" म्हणणं म्हणजे बाकी तिघांची खटपट वाया घालवणं.

नोकरीच्या बाजारातही नेमकी हीच पद्धत आहे. "सर, शनिवारी उपलब्ध आहात का? मेल येईल." पुण्यात आयटी कंपन्यांचे भरतीचे ड्राइव्ह बऱ्याचदा शनिवारी असतात, कारण मुलाखत घेणारी माणसंही आठवडाभर कामात असतात. पॅनेल अमेरिकेच्या क्लायंटबरोबर काम करणारं असेल तर फेरी संध्याकाळी सात-आठला लागते. तिकडे कॅफेला साउंडचेक, म्हणजे माइक-स्पीकरची चाचणी, उरकून हवा असतो चार ते सहाच्या दरम्यान, कारण सातनंतर टेबलं भरायला लागतात. म्हणजे आठवड्यातली मोजकी मोक्याची घरं आणि त्यांवर दोघांनी टाकलेले रुमाल. त्यातलं कोण येऊन बसणार, याचा दोघांनाही पत्ता नसतो.

लोकांना वाटतं अडचण तारखा आपटण्याची आहे. प्रत्यक्षात माझ्या तारखा फारशा आपटल्या नाहीत. त्रास व्हायचा तो आधीच्या तीन-चार दिवसांत. मुलाखतीची तयारी करायला बसलं की वाटायचं, कार्यक्रम आला तर सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची यादी, बदलावी लागेल. गिटार घेतली की वाटायचं, मेल आला तर एसक्यूएलचे जॉइन पुन्हा बघायला हवेत. धड हेही नाही, धड तेही नाही. कार्यक्रमाचा दिवस फार तर एक जातो, होल्डचे मात्र सगळे दिवस जातात.

एक शनिवार तेवढा सांगतो. खराडीतल्या एका कंपनीत ड्राइव्ह होता. सकाळी नऊला टोकन घेतलं, लेखी झालं, पहिली फेरी झाली, दुसऱ्या फेरीसाठी काचेच्या खोलीबाहेर आम्ही रांगेत. तीनच्या सुमारास खिशात फोन थरथरायला लागला. आदल्या दिवशीपर्यंत होल्डवर असलेला बाणेरचा कार्यक्रम कन्फर्म झाला होता. कोपऱ्यात जाऊन फोन घेतला.

"कुठं आहेस रे?"

"लायनीत."

"कसल्या लायनीत? पाचला साउंडचेक आहे."

मी आत जाऊन समन्वय करणाऱ्या मॅडमना शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मॅडम, साधारण किती वेळ लागेल?" त्यांनी यादीवरून मान वर केली आणि अगदी गोड म्हणाल्या, "घाई असेल तर रिशेड्यूल करू या का, सर?" रिशेड्यूलचा अर्थ रांगेतल्या प्रत्येकाला कळत होता. मी थांबलो. फेरी साडेपाचला झाली आणि खराडी ते बाणेर शनिवारच्या संध्याकाळी काय प्रकार असतो ते पुणेकरांना सांगायला नको. बाणेरला पोचलो तर पोरांनी माझ्याशिवाय साउंडचेक उरकला होता आणि माझ्या माइकचा आवाज रात्रभर आमच्याकडे तोंड केलेल्या मॉनिटर स्पीकरमध्ये आलाच नाही. कोणी काही बोललं नाही. नोकरीचंही काही झालं नाही, पण त्याचा या दिवसाशी संबंध असेलच असं नाही.

आवाजावरून आठवलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतात, तेव्हा गच्चीवरचे कार्यक्रम लवकर संपतात असं वाटेल. संपतात ते वाजवायचे. त्यानंतर केबल गुंडाळणं, मॅनेजर मोकळा होईपर्यंत पैशांसाठी उभं राहणं, मग कुठेतरी अंडाभुर्जी. घरी पोचायला एक. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोनवर मुलाखत असली की घसा घोगरा, आणि समोरचा विचारतो, "आर यू नॉट वेल?" लहान गोष्ट आहे, पण पहिल्या दोन मिनिटांत आवाजाशिवाय आपल्याजवळ असतं काय?

आता दुसरी बाजू. गाणं लिहिण्याचा मोठा गुण हा की ते होल्डवर ठेवता येतं आणि त्याला राग येत नाही. हिंजवडीहून परतताना पीएमपी बसच्या खिडकीत फोनवर चार ओळी गुणगुणल्या, मेल आला की फोन खिशात. आठवडाभराने रेकॉर्डिंग ऐकलं तरी ओळ तिथेच असते. मुलाखतींच्या कामातले जे तुकडे तसेही वाया जातात, म्हणजे वेटिंग रूम, लिफ्टसमोर, "होस्ट विल लेट यू इन सून" लिहिलेली स्क्रीन, तेच गाण्याला पुरतात. शिवाय माल आयता मिळतो. माझ्या एका गाण्याचा मुखडा तिथूनच आला:

कळवतो म्हणाले, कळवलंच नाही.

दादऱ्याच्या चालीत बसवायला घेतलं आणि "कळवलंच" तिथे नडलं. ठोका "लंच"वर पडायचा आणि आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "लंचचं काय गातोयस?" ओळ फिरवली, "नाही"ला समेवर आणलं, "कळवतो म्हणाले, नाही कळवलं", तेव्हा ती सुटली. एवढं करायला अख्खी दुपार गेली, पण त्या दुपारी कोणाचा फोन आला असता तर मी तो घेऊ शकलो असतो. कार्यक्रमात हे नसतं.

दोषही सांगतो. गाणं लिहिण्याला मुदत नसते, त्यामुळे ते संपत नाही. बँडला शनिवारी वाजवायचं असतं म्हणून गाणं शुक्रवारपर्यंत उभं राहतं, घरी ते महिनोन्‌महिने तिसऱ्या अंतऱ्यावर अडून बसतं. आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की खेळ खलास. नौकरी डॉट कॉमवर दोन अर्ज टाकायचे म्हणून बसायचं आणि संध्याकाळपर्यंत गिटारला किती रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, द्यायचा हेच करत राहायचं. मी म्हणून त्या काळात फोनच्या रेकॉर्डरपलीकडे गेलो नाही. दुसरं असं की घरात याला काम म्हणून मान नाही. "आज प्रोग्राम आहे" म्हटलं की बाबा किती वाजता येणार तेवढं विचारतात. खोलीत बसून तीच ओळ दहा वेळा म्हटली की पेपर खाली करून बघतात.

काही जणांना चोरीची भीती वाटते, की बँडबाहेर एकट्याने लिहिलं तर पुढे ते आपलं कसं सिद्ध करायचं. आपल्याकडे कॉपीराइट गाणं लिहिल्या-रेकॉर्ड केल्या क्षणी येतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हयातभर अधिक साठ वर्षं टिकतो. नोंदणी करायचीच असेल तर शब्द आणि चाल ही दोन वेगळी कामं धरली जातात. खिशात पगार नसताना मी तिकडे गेलो नाही, तारखेसह फाइली सांभाळून ठेवल्या. चाल जॅमरूममध्ये सगळ्यांनी मिळून केली असेल तर मात्र कोणी काय केलं ते ग्रुपवर त्याच दिवशी लिहून टाकावं. मैत्री असतानाच ते सोपं असतं.

मग बँड सोडायचा का? मी सोडला नाही. गुरुवारचं जॅम चालू ठेवलं आणि होल्ड घेणं बंद केलं. तारीख पक्की आणि ॲडव्हान्स आलेला असेल तरच मला धरा, नाहीतर माझ्या जागी दुसरा गिटारवाला बघा, असं पोरांना सांगितलं. बरेचसे कार्यक्रम आपोआप गळाले. जे उरले ते बरे होते. गणपतीतले आणि लग्नसराईतले कार्यक्रम आधीपासून ठरतात, त्यांना होल्डचा रोग कमी, ते खुशाल घ्यावेत. ड्रमर किंवा बासवाला असाल तर हे जरा जड जाईल, बदली माणूस पटकन मिळत नाही. आणि बँडवरच घर चालत असेल तर हे सगळं तुम्हाला लागूच नाही.

कुंपणावर असणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा ऑफर लेटरचा, जो मी फार उशिरा विचारात घेतला असता, पण एका जुन्या सहकाऱ्याने आधीच कानावर घातला. बहुतेक आयटी कंपन्यांच्या करारात दोन कलमं असतात: परवानगीशिवाय बाहेर मोबदल्याचं काम करायचं नाही, आणि नोकरीच्या काळात जे निर्माण कराल ते कंपनीचं. २०२२ मध्ये विप्रोने ३०० जणांना काढलं तेव्हापासून पहिल्या कलमाकडे एचआर बारकाईने बघते. तो प्रकार प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करण्याचा होता, कॅफेत गिटार वाजवण्याचा नव्हे, पण पैसे घेऊन केलेला कार्यक्रम कलमाच्या भाषेत बसू शकतो. गाणं लिहिण्याला पहिलं कलम लागत नाही. दुसऱ्याचं म्हणाल तर कायद्याने मालकाचं होतं ते नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेलं. टेस्टरने रात्री लिहिलेलं गाणं त्यात येऊ नये, तरी करारातली भाषा कायद्यापेक्षा ऐसपैस असते. रुजू होण्याआधीच्या स्वतःच्या निर्मितीची यादी जोडायला परिशिष्ट दिलेलं असेल तर ते कोरं ठेवू नका.

मी त्यात गाण्यांची नावं लिहिली. दोन दिवसांनी एचआरचा फोन आला, "सर, इथे पेटंट वगैरे लिहायचं असतं. तुम्ही हे 'कळवतो म्हणाले' काय लिहिलंय?" मी म्हटलं, गाणं आहे. त्या हसल्या, म्हणाल्या काढून टाका, कोणी बघत नाही. मी म्हटलं, कोणी बघत नसेल तर राहू द्या.