चिलिका आणि व्हेनिस: दोन खाजणांच्या तळाची दोन वळणे

ओडिशाच्या चिलिका सरोवरात आणि इटलीतील व्हेनिसच्या खाजणात तळाशी राहणाऱ्या प्राण्यांचे समुदाय गेल्या काही दशकांत बदलले, परंतु बदलाची कारणे मुळातच निराळी होती.

चिलिकात प्रश्न पाण्याच्या खारटपणाचा होता. गाळामुळे समुद्राकडील मुख अरुंद झाले, पाणी गोडे होत गेले, पाणवनस्पती माजल्या आणि १९९३ मध्ये रामसर या पाणथळींविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारांतर्गत धोक्यातील पाणथळींच्या यादीत सरोवराची नोंद झाली. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदल्यावर भरतीचे पाणी पुन्हा आत येऊ लागले, खेकडे व कोळंबी यांचे उत्पादन वाढले आणि २००२ मध्ये सरोवर त्या यादीतून वगळले गेले. असा उपाय क्वचितच इतक्या लवकर फळतो.

व्हेनिसची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे १९८० च्या दशकात हिरव्या शेवाळाचे थर कुजून प्राणवायू संपत असे व तळातील जीव गुदमरून मरत. शेवाळ ओसरल्यावर पूर्वस्थिती परतेल अशी अपेक्षा कोणीही केली असती; प्रत्यक्षात १९८३ मध्ये मुद्दाम आणलेली फिलिपाइन्सची तिसरी (खाण्याच्या शिंपल्याची एक जात) सर्वत्र पसरली, स्थानिक जात मागे पडली, आणि ही परकी तिसरी काढण्यासाठी यंत्रांनी तळ वारंवार खरवडला गेल्याने गाळात बिळे करून राहणाऱ्या नाजूक कृमींना स्थिर घर उरले नाही.

म्हणून चिलिकात खारटपणाची नोंद पुष्कळ काही सांगते. व्हेनिसमध्ये मात्र पाण्यासोबत मासेमारीचा इतिहासही वाचावा लागतो. त्यातच ऑक्टोबर २०२० पासून मोठ्या भरतीच्या वेळी तेथील समुद्राकडील मुखांवरचे दरवाजे बंद केले जातात, म्हणजे चिलिकात जे उघडले, ते येथे अधूनमधून मिटते.