एफओयू मॉड्यूलवरचा जीआरई टनेल : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरपासून आमच्या नागपूरमधील सीताबर्डीच्या कार्यालयातील आणि अमरावती रोडवर वाडीला असलेल्या गोदामातील नेटवर्क लिनक्सच्या जीआरई टनेलने, म्हणजे एका नेटवर्कची पॅकेटे दुसऱ्या आयपी पॅकेटात गुंडाळून इंटरनेटवरून नेणाऱ्या आभासी वाटेने, जोडलेले आहे. दोन्ही ठिकाणी डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली चालवणारी जुनी, साधी यंत्रे असून दोन्हीकडे स्थिर आयपी घेतलेला आहे. बिलिंगचा सर्व्हर सीताबर्डीत आहे आणि वाडीची मंडळी दिवसभर त्यावर चलाने काढतात.

सुरुवातीला मी साधा जीआरई लावला होता, परंतु तो वाडीच्या राउटरपुढे अडला. जीआरई हा टीसीपी किंवा यूडीपीसारखा पोर्ट असलेला प्रोटोकॉल नसून आयपीवरचा ४७ क्रमांकाचा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, आणि स्वस्तातल्या राउटरला पोर्ट फॉरवर्ड करण्यापलीकडे फारसे काही कळत नाही. एफओयू, म्हणजे फू ओव्हर यूडीपी, हे मॉड्यूल लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ३.१८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. ते जीआरईच्या पॅकेटवर यूडीपीचे आणखी एक हेडर चढवते. त्यामुळे राउटरच्या दृष्टीने ही साधी यूडीपी वाहतूक ठरते आणि दोन्हीकडे ५५५५ हा एक पोर्ट फॉरवर्ड केला की काम भागते. मॉडप्रोब या आज्ञेने मॉड्यूल चढवणे, पॅकेट स्वीकारणारा पोर्ट उघडणे आणि एफओयूचे वेष्टन सांगून जीआरईचा इंटरफेस तयार करणे, एवढ्या तीन आज्ञांत टनेल उभा राहिला. इथवर तक्रारीला जागा नव्हती.

खरा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. पिंग जात होते, एसएसएच चालत होते, बिलिंगचे लॉगिनचे पान उघडत होते. पण मालाची पूर्ण यादी मागितली की स्क्रीन पांढरी पडून राहायची. दोन दिवस मी सर्व्हरलाच दोष देत होतो. अखेर संध्याकाळी गोदाम बंद झाल्यावर दोन्ही टोकांना टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन लावून बसलो, तेव्हा दिसले की सीताबर्डीहून १५०० बाइटांचे पॅकेट निघते, पुन्हा निघते, पुन्हा निघते, आणि वाडीला त्यातले एकही पोहोचत नाही.

हिशेब साधा होता, तो मी आधी मांडला नव्हता इतकेच. बाहेरचे आयपी हेडर २० बाइट, यूडीपीचे ८ आणि जीआरईचे ४, म्हणजे वेष्टनाचे वजन ३२ बाइट. यंत्राच्या इथरनेट कार्डाचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटाचा कमाल आकार, १५०० असल्यामुळे कर्नलने टनेलचा एमटीयू स्वतःहून १४६८ धरला, आणि त्याला जेवढे दिसत होते तेवढ्यापुरते ते बरोबरच होते. मात्र वाडीचे कनेक्शन पीपीपीओईचे (इथरनेटवर पीपीपीचे वेष्टन चढवणारे) आहे आणि तेथे ८ बाइट आणखी खर्ची पडून मर्यादा १४९२ होते. ही गोष्ट राउटरच्या पलीकडची असल्याने यंत्राला ती कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे "पॅकेट मोठे आहे" हा आयसीएमपी (नेटवर्कमधील अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप. आणि तो वाटेत कोठेतरी गिळला जात होता. एरवी वाडीचे इंटरनेट सुरळीत चालते, कारण राउटर जाता जाता टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात भरायच्या मजकुराची कमाल मर्यादा, कमी करून देतो. पण टनेलमधला टीसीपी यूडीपीच्या आत झाकलेला असतो, त्याला राउटर हात लावू शकत नाही.

तुकडे न करण्याची अट घालून मी वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवून पाहिले. १४३२ बाइटांचा गेला, १४३३ चा गेला नाही. १४३२ मध्ये आतल्या आयपी आणि आयसीएमपी हेडरांचे २८ मिळवले की १४६० होतात. दोन्ही टोकांना टनेलचा एमटीयू १४६० केला, फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीत एमएसएस मार्गाच्या एमटीयूप्रमाणे छाटण्याचा नियम घातला, आणि यादी क्षणात उघडली. आठ बाइटांपायी तीन दिवस गेले होते.

त्यानंतर थेट जूनपर्यंत मला या यंत्रांकडे पाहावेही लागले नाही. पावसाळ्यापूर्वीच्या वादळात वाडीची वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झाले, इंटरफेस चालू दिसत होता, पण काम ठप्प होते. आकडेवारीत पाठवलेली पॅकेटे वाढत होती, आलेली शून्यावर थांबलेली. चूक माझीच होती : मॉड्यूल बूटच्या वेळी चढत होते, इंटरफेसही तयार होत होता, परंतु स्वीकारणारा पोर्ट उघडण्याची आज्ञा मी ऑक्टोबरमध्ये हाताने दिली होती आणि ती कोठेच लिहून ठेवली नव्हती. सीताबर्डीच्या टीसीपीडंपमध्ये "पोर्ट अनरीचेबल" स्पष्ट लिहून येत होते. आता सर्व काही सिस्टमडी-नेटवर्कडी या बूटच्या वेळी नेटवर्क उभे करणाऱ्या सेवेच्या फाइलींत आहे. तेथे एफओयूसाठी वेगळा विभागच असतो.

मात्र येथे या टनेलचा एक स्वभाव सांगायलाच हवा. त्याला जोडणीची स्मृती नसते. पलीकडचे टोक मेले तरी इंटरफेस चालूच दिसतो, म्हणून दर मिनिटाला पलीकडे पिंग करून उत्तर न आल्यास मला कळवणारी छोटी स्क्रिप्ट मी लावली आहे.

आणि टनेल म्हटले की गोपनीयता असे अनेकांना वाटते, तसे येथे काहीही नाही. मजकूर उघडाच जातो. आमचे बिलिंग टीएलएसवर, म्हणजे मुळातच एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर, चालते, म्हणून मी ते चालवून घेतले. जुन्या प्रोसेसरवर दुहेरी एन्क्रिप्शनचा भार नको, हाही विचार होता. तशी अडचण नसेल तर ५.६ पासून कर्नलमध्येच असलेला वायरगार्ड हा एन्क्रिप्ट करणारा टनेल मी आधी सुचवेन. तोही यूडीपीवरच चालतो, पण वेष्टनाचे बाइट तेथेही मोजावेच लागतात, आणि आयपीव्ही ४ वर ते ६० भरतात.