कंटिन्युएशन हायस्कूल : आठ महिन्यांनंतर एका आईचा अनुभव

शाळा ही काही मिक्सरसारखी वापरून बघायची वस्तू नाही, मान्य. पण मागच्या ऑगस्टमध्ये मुलाला या कंटिन्युएशन शाळेत, म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना हायस्कूल पूर्ण करून देणाऱ्या लहान शाळेत, घालायचं की नाही यावरून आमच्या घरात पंधरा दिवस धुमसत होतं, तेव्हा मराठीत कुणी आपला अनुभव लिहून ठेवलेला असता तर माझी निम्मी रडारड वाचली असती. म्हणून लिहिते आहे.

कॅलिफोर्निया म्हटलं की आपल्या लोकांना फ्रीमाँट, सॅन होजे आठवतं. आम्ही तिथले नाही. फ्रेस्नो आणि बेकर्सफील्डच्या मध्ये हायवे ९९ सोडून आत वळलं की बदामाच्या बागा, संत्र्याच्या बागा, गायींचे गोठे आणि त्यांच्या वासात वसलेली लहान गावं लागतात. त्यातल्या एका गावात आम्ही राहतो. नवरा टोमॅटो पेस्टच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. गावात मराठी घरं दोन, त्यातलं एक आमचं.

चिरंजीव मिरजेहून आठवी करून इथे आले. नववी बरी गेली. दहावीत असताना आजोबा गेले. व्हिसाच्या भानगडीत आम्हाला कुणालाच जाता आलं नाही, आणि तिथून काहीतरी बिघडलं. तो सकाळी घरून निघायचा, शाळेत पोचायचाही, पण वर्गात नसायचा. तीन-तीन तास बाथरूममध्ये बसून असायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. अठराशे मुलांची ती शाळा. संध्याकाळी सहाला रेकॉर्ड केलेला फोन यायचा, ‘आपला पाल्य आज एका किंवा अधिक तासांना गैरहजर होता.’ पहिल्या तासाची बातमी आईला संध्याकाळी! अकरावी संपली तेव्हा हायस्कूल पूर्ण करायला विषयवार जमवावे लागणारे गुण, म्हणजे क्रेडिट, ६५ ने कमी पडत होते, आणि तिथल्या समुपदेशक बाईंनी पहिल्यांदा ‘कंटिन्युएशन’ हा शब्द उच्चारला.

मला वाटलं, झालं, पोरगं वाया गेलं. गावात या शाळेचं नाव तसंच आहे. सांगलीच्या फोनवर सासूबाईंनी विचारलं, “अगं, शाळा बदलली म्हणे त्याची? का?” मी म्हटलं, “आई, ही जवळ पडते.” खरं तर ती दीड मैल लांब पडते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅलिफोर्नियात ही व्यवस्था १९१९ पासून आहे. तेव्हा हेतू असा होता की नोकरी करावी लागणाऱ्या पोरांचं शिक्षण सुटू नये. आता ती १६ ते १८ वयाच्या, हायस्कूल पूर्ण करणार नाहीत अशी भीती असलेल्या मुलांसाठी आहे. म्हणजे आपल्याकडचा १७ नंबरचा फॉर्म नव्हे, की घरी बसा आणि बाहेरून परीक्षा द्या. रात्रशाळाही नव्हे. रोज जायचं असतं, दिवसाला किमान १८० मिनिटं, आणि शेवटी मिळतो तो हायस्कूलचा खराखुरा डिप्लोमा. फरक क्रेडिटमध्ये आहे. मोठ्या शाळेत सेमिस्टर संपेपर्यंत थांबायचं आणि नापास झालात तर हाती शून्य. इथे केलेल्या कामाचे तुकड्यातुकड्याने क्रेडिट जमा होतात. आमच्या चिरंजिवांना पहिल्या पाच आठवड्यांत साडेसहा मिळाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने एखादा कागद आपणहून फ्रिजवर लावला.

आता मुख्य मुद्दा, सुरक्षितता आणि आधार.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी ८:५२ ला फोन. मुख्याध्यापक बाई स्वतः. म्हणाल्या, तो फाटकापर्यंत आलाय पण आत यायला तयार नाही, तुतीच्या झाडाखालच्या बाकावर बसलाय. मी घाईघाईने किल्ली उचलली. तर त्या म्हणाल्या, “येऊ नका. मी त्याच्या शेजारीच बसलेय. तुम्हाला फक्त माहीत असावं म्हणून फोन केला.” चाळीस मिनिटांनी मेसेज आला की तो गणिताच्या वर्गात गेला. त्या चाळीस मिनिटांत काय बोलणं झालं ते मी त्याला विचारलं. म्हणाला, “काही नाही. त्यांच्या कुत्र्याला पिसवा झाल्यात म्हणे.”

कुंपण सहा फुटी आहे, फाटकावर कॅमेरा आहे, कुठल्याही पाहुण्याचं ओळखपत्र तपासून चिकटपट्टीवर नाव छापून देतात. ते सगळं मोठ्या शाळेतही होतं आणि तिथे जास्त चकचकीत होतं. पण तिथे मुलगा नाहीसा झाल्याचं कळायला नऊ तास लागायचे, इथे सात मिनिटं लागली. पासष्ट-सत्तर मुलं, पाच शिक्षक. रोज सकाळी बाई फाटकावर उभ्या असतात. कालचाच हुडी आजही अंगात आहे, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

ओळखपत्राची गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या आठवड्यात त्याचं कार्ड कपडे धुताना खिशात सापडलं. मागे पाहिलं तर ९८८, आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा नंबर. माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याच्याबद्दल शाळेला असं काय कळलंय जे आम्हाला माहीत नाही? तशीच तडक शाळेत गेले. ऑफिसमधल्या बाईंनी शांतपणे स्वतःच्या मुलीचं, गावातल्या मिडल स्कूलमधलं कार्ड दाखवलं. त्यावरही तोच मजकूर. कॅलिफोर्नियात २०१९ पासून सातवी ते बारावीच्या सगळ्या मुलांच्या ओळखपत्रावर असा नंबर छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. म्हणजे मोठ्या शाळेतल्या कार्डावरही तो होताच, मीच कधी उलटून पाहिलं नव्हतं. आता ते कार्ड तो फोनच्या कव्हरमध्ये ठेवतो. नंबर कधी लावला का, हे मी विचारलेलं नाही.

समुपदेशक एकच. त्याच क्रेडिटचा हिशेब बघतात, त्याच कॉलेजचे फॉर्म भरून घेतात, त्याच रडणाऱ्या मुलाजवळ बसतात. काउंटीकडून, म्हणजे इथल्या जिल्ह्याकडून, मानसोपचाराची एक बाई दर गुरुवारी येते. चिरंजिवांचा नंबर लागायला सहा आठवडे गेले. आणि नर्स आठवड्यातून दोनच दिवस अर्धा वेळ असते. म्हणजे तुमच्या मुलाला दमा असेल तर अटॅक मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळीच यायला हवा. हे मी मुख्याध्यापक बाईंना तोंडावर बोलले. त्या हसल्या नाहीत. इनहेलर आणि त्याची लेखी सूचना ऑफिसमध्ये ठेवतात आणि ऑफिसमधल्या दोघींना ते द्यायचं शिकवलेलं आहे, एवढंच त्यांनी दाखवलं. या खोऱ्यातली हवा देशातल्या सर्वांत खराब हवांपैकी एक, त्यामुळे ही चेष्टेची बाब नाही. शाळेबाहेर रोज हवेच्या प्रतीप्रमाणे रंगीत झेंडा लावतात. लाल असला की मैदान बंद.

ऑक्टोबरमध्ये पालकांची एक संध्याकाळ होती. मला वाटलं नेहमीसारखं कॉफी-बिस्किट असेल. तिथे समुपदेशक बाईंनी टेबलावर नाकात मारायचा नालोक्सोन या उताऱ्याच्या औषधाचा फवारा ठेवला आणि फेंटानिल या जीवघेण्या अमली पदार्थाने बेशुद्ध पडलेल्या माणसाला तो कसा द्यायचा ते रबरी डोक्यावर करून दाखवलं. मग प्रत्येकाला करायला लावलं. डोकं मागे, नळी नाकपुडीत, खटका दाबा, ९११ ला फोन, कुशीवर वळवा. मिरजेच्या माझ्या बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “असल्या शाळेत ठेवलायस पोराला?” तिला समजावणं मी सोडून दिलं. फेंटानिलची गोळी साखरेच्या गोळीसारखी दिसते आणि ती मोठ्या, नावाजलेल्या शाळांतही पोचलेली आहे. निदान इथे त्याबद्दल मोठ्याने बोलतात.

त्याच टेबलावर माझ्या शेजारी द्राक्षं खुडणारी एक बाई बसली होती. शाळेने स्पॅनिश दुभाष्या ठेवला होता, पण तिला स्पॅनिशही बेताचंच येत होतं. ती मेक्सिकोतल्या वाहाकाकडची, मिश्तेको ही तिथली आदिवासी भाषा बोलणारी. दुभाष्या बोलत होता आणि ती मान डोलवत होती, मीही आयुष्यभर इंग्रजीपुढे डोलवली तशीच. शेवटी तिच्या मुलीने तिचा हात धरून खटका दाबायला लावला.

भाषेवरून आठवलं. शाळेचे निरोप ज्या अॅपवर येतात त्यात मराठी निवडता येतं. मी हौसेने निवडलं. दुसऱ्याच दिवशी निरोप, ‘उद्या सकाळी १० वाजता टाळेबंदी छिद्रण होईल.’ मला वाटलं पुन्हा कोरोना, आणि वर भिंतीला भोकं पाडणार. तो लॉकडाऊन ड्रिल होता. मी मुकाट्याने इंग्रजीवर परत आले.

पण त्या निमित्ताने शब्द नीट समजून घेतले, कारण घाबरताना फरक माहीत असलेला बरा. ‘होल्ड’ म्हणजे वर्गातच थांबा, बाहेर व्हरांड्यात काहीतरी चाललंय. ‘सिक्युअर’ म्हणजे धोका शाळेच्या बाहेर आहे, बाहेरची दारं बंद, आत तास चालू. ‘लॉकडाऊन’ म्हणजे दार-दिवे बंद, नजरेआड, चिडीचूप. आठ महिन्यांत खरा लॉकडाऊन एकदाही नाही. होल्ड दोनदा, त्यातला एक मोकाट कुत्र्यांमुळे. सिक्युअर एकदा, फेब्रुवारीत, शेजारच्या बागेत शेरीफचे, म्हणजे काउंटीचे, पोलीस कुणालातरी शोधत होते. त्या दिवशी अॅपचा निरोप माझ्यापर्यंत पोचला तो मुलाच्या मेसेजनंतर तब्बल २२ मिनिटांनी. ‘आई, सिक्युअर आहे, लॉकडाऊन नाही, येऊ नकोस’ हे त्याने लिहिलं नसतं तर मी गाडी घेऊन त्या रस्त्यावर पोचले असते, आणि नेमकं तेच करायचं नसतं. ही त्रुटी मी लेखी कळवली आहे.

शिस्तीबद्दल. डिसेंबरात चिरंजीव इंग्रजीच्या सरांवर ओरडले, वही आपटली. मी निलंबनाच्या पत्राची वाट पाहत बसले. आता इथे नुसत्या उद्धटपणाबद्दल हायस्कूलच्या मुलाला निलंबित करता येत नाही, जुलै २०२४ पासून. नुसता कायदा असेल तर शिक्षक हात बांधल्यासारखे वागतात असं ऐकून होते. इथे सरांनी दुसऱ्या दिवशी त्याला खोलीत बसवलं, समोर समुपदेशक, आणि आधी स्वतः सांगितलं की सगळ्यांसमोर त्याचा उच्चार सुधारायला नको होता. त्यानंतर याने माफी मागितली. माझ्या शाळेत असं झालं असतं तर पट्टी तुटली असती, हातावर.

आता माझी खरी तक्रार. शाळा १:१० ला सुटते. बस मोठ्या शाळेच्या मुलांना घेऊन ३:२० ला येते. मधले दोन तास दहा मिनिटं मुलांनी काय करायचं? कागदावर अभ्यासाची खोली उघडी असते. प्रत्यक्षात ती दोनला बंद होते, कारण शिक्षकच नाही. मग ही सगळी पोरं पेट्रोल पंपाच्या दुकानासमोर. कुंपण, कॅमेरा, चिकटपट्टी, सगळं सकाळसाठी. ज्या वेळी भलतीसलती माणसं गाडीच्या काचा खाली करून पोरांशी बोलतात त्या वेळी तिथे शाळेचं कुणी नसतं. मी स्वतः दोनदा पाहिलंय. मी माझ्या कामाच्या अर्ध्या सुटीत जाऊन त्याला आणते, पण त्या मिश्तेको बाईने बाग सोडून कसं यायचं?

शाळेचा सुरक्षा आराखडा दर वर्षी १ मार्चपर्यंत नव्याने मंजूर व्हावा लागतो. मी बैठकीला गेले. आराखड्यात भूकंप, आग, गोळीबार, धुरकट हवा सगळं होतं, बसची वाट पाहणारी मुलं नव्हती. मी उठून बोलले, मोडक्या इंग्रजीत. डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे इथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे, ड्रायव्हर नाहीत, असं उत्तर मिळालं.

धुक्याच्या दिवसांत मात्र हीच शाळा वरचढ ठरली. डिसेंबर-जानेवारीत इथे टूली धुकं असं दाटतं की गाडीचं बोनेट दिसत नाही. बस दोन तास उशिरा धावतात. ज्यांना आईबापांनी कामावर जाताना पहाटेच सोडलंय अशा पोरांसाठी मुख्याध्यापक बाई साडेसहाला हॉल उघडायच्या, हीटर लावायच्या. नाश्ता आणि जेवण २०२२ पासून राज्यातल्या सगळ्याच सरकारी शाळांत फुकट आहे, फॉर्म नाही, काही नाही. शाकाहाऱ्याला बीन बरिटो आणि चीज पिझ्झा, आलटून पालटून, जूनपर्यंत. मी डब्यात थालीपीठ देते. त्याचे तीन वाटेकरी आहेत हे मला डब्याच्या रिकामेपणावरून नाही, “आई, चार दे” यावरून कळलं.

आपल्या लोकांना एक सांगून ठेवते, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया किंवा कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश हवा असेल तर ए ते जी नावाचे ठरावीक विषय लागतात, आणि लहान शाळेत ते सगळे मिळतीलच असं नाही. आमच्याकडे प्रयोगशाळेसह रसायनशास्त्र नाही. आम्ही कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे आधी दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात शिकून, पुढे जायचं ठरवलं. ज्यांना ते नको त्यांनी नाव घालण्याआधी विषयांची यादी मागून घ्या. आणि तुम्ही स्वेच्छेने आला असाल तर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला जुन्या शाळेत परतायचा हक्क मुलाला असतो, तेही लिहून घ्या.

पाचात किती तारे? सकाळी साडेचार. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनंतर दोन.

आता ११ क्रेडिट उरलेत. मे महिन्याच्या बैठकीत बसचा विषय मी पुन्हा लावून घेतला आहे. या वेळी मिश्तेको बाईही येणार आहे. तिची मुलगी तिचं बोलणं इंग्रजीत सांगेल, आणि सासूबाईंना फोनवर मी शाळेचं खरं नाव आणि खरं अंतर दोन्ही सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, “बरं. पण तो जेवतो ना?”