सायकल दुकानातून आणावी की कुरिअरने मागवावी?

आमच्या तळकोकणात गिअरची सायकल घ्यायची म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. कणकवली-सावंतवाडीकडच्या दुकानांत मुलांच्या आणि साध्या सायकली मिळतात. पण २९ इंची चाकं, डिस्क ब्रेक आणि त्यातही आपल्या उंचीची फ्रेम हवी असेल, तर कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागतं. मोबाइलवर मात्र तीच सायकल पाच रंगांत दिसते आणि वर ‘घरपोच मोफत’ असंही लिहिलेलं असतं. गेल्या काही वर्षांत घरात आणि शेजारीपाजारी मिळून दोन्ही प्रकारच्या सायकली आल्या. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. कुरिअरवाला सायकल आणत नाही, तो एक खोका आणतो. जाहिरातीत ‘८५ टक्के जोडलेली’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की फ्रेमला मागचं चाक, चेन आणि गिअर बसवलेले असतात. पुढचं चाक, हॅण्डल, सीट आणि पेडल तुम्ही बसवायची. राहिलेले हे १५ टक्के म्हणजे नेमके ज्यांवर आपला जीव अवलंबून असतो ते भाग. म्हणून या तुलनेत किंमत दुसऱ्या क्रमांकावर येते. पहिला प्रश्न हा की ते १५ टक्के कोण बसवणार?

दुकानातली सायकलसुद्धा खोक्यातूनच आलेली असते. फरक इतकाच, की तिथे मेकॅनिकने ती जोडलेली असते, चाकाचा आउट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, काढलेला असतो, आणि काही कुरकुर झाली तर सायकल ढकलत त्याच माणसाकडे नेता येते. नव्या सायकलच्या गिअर-ब्रेकच्या तारा सुरुवातीच्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये थोड्या सैल पडतात, स्पोकही बसतात. तेव्हा एकदा सगळं पुन्हा ताणून घ्यावं लागतं. दुकानदार ही पहिली सर्व्हिस बहुतेक वेळा पैसे न घेता करून देतो. ऑनलाइन घेतलेल्या सायकलसाठी तो मजुरी घेणार, आणि ती घेणं रास्तच आहे. त्याचे हात चालतात ते त्याच्या पोटासाठी.

मापाच्या बाबतीतही दुकानच पुढे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिलं की वरची दांडी आणि जांघ यांच्यात दोन-तीन बोटं तरी जागा राहायला हवी. पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला असावा. ही परीक्षा दुकानात दोन मिनिटांत होते. ऑनलाइनचा उंचीचा तक्ता खोटा नसतो, पण सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या पायांची लांबी वेगळी असू शकते. मागवायचीच असेल तर त्याच मॉडेलच्या किंवा त्याच मापाच्या कुणाच्या तरी सायकलवर आधी बसून बघा. आमच्या शेजारच्या काकांनी ‘एक नंबर मोठी घेतली तर चालेल’ म्हणून मागवली. वर्षभरात ती विकावी लागली, कारण उतरताना दर वेळी दांडी लागायची.

मग ऑनलाइन घ्यावीच का? निवडीसाठी. लहान गावातला दुकानदार दहा मॉडेलं साठवू शकत नाही, त्याचं भांडवल अडकतं. किमतीतही फरक पडतो, पण तो मोजताना जोडणीची मजुरी, पंप आणि ॲलन कीचा (षटकोनी किल्ल्यांचा) सेट धरूनच मोजा. जीएसटीमुळे फरक पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

आता प्रवासाचं. सायकलचा खोका साधारण १४० सेंटिमीटर लांब, ७५ उंच आणि २० रुंद धरा. कुरिअर कंपन्या हलक्या पण आकाराने मोठ्या सामानाचं वजन काट्यावर नाही, आकारावरून धरतात. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून त्याला सहसा ५००० ने भागतात. हिशेब केला तर १५ किलोची सायकल कागदावर ४२ किलोची होते. ‘मोफत’ डिलिव्हरीचा खर्च किमतीत आधीच घातलेला असतो, तो एवढा मोठा असतो. परतीचं पार्सल म्हणजे विक्रेत्याला पुन्हा तेवढाच भुर्दंड. म्हणून सायकल परत न्यायला ते टाळाटाळ करतात. शिवाय एवढा लांब खोका दुचाकीवरच्या डिलिव्हरीवाल्याला आणता येत नाही. तालुक्याच्या गोडाऊनमधून ‘तुम्हीच घेऊन जा’ असा फोन येण्याची तयारी ठेवा. ऑर्डर देण्याआधी पिनकोड टाकून घरपोच आहे की नाही ते बघा, आणि ते उत्तर लेखी मिळवा.

पुतणीसाठी मागवलेल्या सायकलच्या वेळी मी चूक केली. खोक्याच्या एका कडेला मुठीएवढं भोक होतं. माणूस घाईत होता, मी ओटीपी सांगितला आणि सही केली. उघडल्यावर मागचा गिअर स्पोकच्या दिशेने वाकलेला दिसला. फ्रेमला गिअर जोडणारा छोटा धातूचा तुकडा असतो, त्याला हँगर म्हणतात. प्रवासात सर्वांत आधी मार बसतो तो त्यालाच. तशीच चालवली असती तर पहिल्यांदा मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर टाकताना गिअर चाकात गेला असता आणि स्पोक तुटले असते. विक्रेत्याने उघडतानाचा व्हिडिओ मागितला, तो माझ्याकडे नव्हता. फोटोंवर बारा दिवस पत्रव्यवहार झाला, तेव्हा नवा हँगर आला. बारा दिवस ती पोर रोज शाळेतून आल्यावर सायकलवरची धूळ पुसत होती, ते अजून आठवतं.

दुसऱ्या वेळी सगळं क्रमाने केलं. खोका चारही बाजूंनी पाहिला, फाटलेला कोपरा पावतीवर लिहून घेतला, ओटीपी त्यानंतरच दिला, आणि चिकटपट्टी कापण्यापासून शेवटचा नट मोजेपर्यंत एकसलग व्हिडिओ काढला. पेडलजवळ फ्रेमच्या खालच्या बाजूला कोरलेला नंबर बिलाशी ताडून पाहिला. खोका पहिली सर्व्हिस होईपर्यंत माळ्यावर ठेवला, कारण मूळ खोक्याशिवाय परत घेणं आणखी कठीण होतं.

काही मोडकं निघालंच, तर आधी पूर्ण सायकल परत करण्याच्या मागे लागू नका. ‘भाग पाठवा आणि फिटिंगची मजुरी द्या’ असं लेखी मागा. विक्रेत्याला ते स्वस्त पडतं, तुम्हालाही लवकर चालवायला मिळते. पण फ्रेम किंवा पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलेला असेल तर तडजोड करू नका. ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम सांगतात की सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघालेली वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत.

घरी जोडणार असाल तर तीन चुका डोक्यात ठेवा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळायचं. आसावर कोरलेलं एल आणि आर बघा, आधी हाताने फिरवा, आणि अडकलं तर पान्याने जोर लावू नका. एकदा क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे गेले की सायकल नवी असून जुनी होते. दुसरी चूक चिमट्याची. जागा वाचावी म्हणून खोक्यात तो उलटा फिरवलेला असतो आणि लोक हॅण्डल तसंच बसवून टाकतात. डिस्क ब्रेक असेल तर सीटवर बसल्यावर पुढची डिस्क डाव्या हाताला आली की दिशा बरोबर. तिसरी, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकचा लिव्हर चाक बसवण्याआधी दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. शेवटी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हॅण्डल जोरात पिळून बघा, हललं तर बोल्ट पुन्हा आवळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे करा. खडखड आली तर मेकॅनिक गाठा. चुकीच्या जोडणीने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

मधला एक मार्गही आहे. ऑनलाइन पैसे भरायचे आणि कंपनीच्या जवळच्या दालनातून जोडलेली सायकल घ्यायची. जिथे ही सोय असेल तिथे मी हाच पर्याय आधी बघेन, कोल्हापूरपर्यंत टेम्पोचं भाडं पडलं तरी. नातेवाइकाची जुनी सायकल मुंबईहून आणायची असेल तर कुरिअरपेक्षा रात्रीची लक्झरी बरी. पुढचं चाक काढून, गोधडीत गुंडाळून, गिअरची बाजू वर ठेवून डिकीत आडवी करायची आणि ड्रायव्हरला त्याचे पैसे द्यायचे. रेल्वे पार्सल स्वस्त पडतं, पण थोडा वेळ थांबणाऱ्या गाड्यांना लहान स्टेशनांवर पार्सल चालत नाही, हे आधी पार्सल ऑफिसात विचारा.

माझा निर्णय विचाराल, तर मुलांची १६-२० इंची आणि पहिलीच सायकल दुकानातूनच घ्या. रोज शाळेला किंवा कामाला न्यायची असेल तरीही दुकानच. ऑनलाइन फक्त त्याने मागवावी, ज्याला आपलं माप माहीत आहे आणि ज्याच्या जवळ गिअर कळणारा मेकॅनिक आहे. त्या मेकॅनिकशी ऑर्डर देण्याआधीच बोला आणि मजुरी ठरवा. बाहेरून आणलेल्या सायकलला हात लावणार नाही असं तो म्हणाला, तर ऑर्डर देऊच नका.

आणि आमच्याकडे मागवणार असाल तर जून ते सप्टेंबर टाळा. ओला झालेला पुठ्ठा वजन पेलत नाही, खोका मधूनच फाटतो आणि सुटे नट-बोल्ट वाटेतच सांडतात. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दसऱ्याच्या सुमाराला मागवलेली आमची दुसरी सायकल कोरडी आली, आणि पुतणीने ती पहिल्या रविवारी ओसरगावच्या तलावापर्यंत नेली.