चाक तापतंय, गाडी ओढतेय? ब्रेक कॅलिपरसाठी रत्नागिरीतलं हे गॅरेज बघाच

मिरजोळे एमआयडीसी भागातलं छोटंसं गॅरेज आहे, पण ब्रेकचं काम एक नंबर. आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक आंबा घाट उतरून आलं की इतकं तापायचं की रिमजवळ हात नेववत नव्हता, उजवं त्या मानाने गार, वर जळका वास, गाडी डावीकडे ओढायची आणि ॲव्हरेज पण पडलेलं. आधी दुसरीकडे अलाइनमेंट करून घेतलं, फरक शून्य.

इथे मेकॅनिकदादांनी गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरेचना. लगेच नवीन कॅलिपर (पिस्टनने ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सांगतील असं वाटलं, पण त्यांनी आधी ब्लीडरचा निप्पल, म्हणजे कॅलिपरमधलं ऑइल आणि हवा काढायचा छोटा स्क्रू, जरा सैल केला. म्हणाले, "ताई, प्रेशर सुटून चाक मोकळं झालं तर दोष ऑइल आणणाऱ्या होजपाइपात नाहीतर वर पेडलजवळच्या, प्रेशर देणाऱ्या मास्टर सिलेंडरकडे बघायचा, नाही झालं तर कॅलिपरच धरलाय." चाक तसंच जाम! मग खोलून दाखवलं, आतला पॅड पार पत्र्याला टेकायला आलेला, बाहेरचा बराच शिल्लक, पिस्टनवरचं रबरी आवरण म्हणजे बूट फाटलेला आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिने पाऊस, बूट फाटला की पाणी आत जाणारच. गंज वरवरचा असता तर सील किटमध्ये, म्हणजे नुसते रबरी सील बदलून, भागलं असतं हे पण त्यांनी स्वतःहून सांगितलं, असं कोण सांगतं हल्ली?

कॅलिपर एकच बदलला पण पॅड दोन्ही चाकांचे, नाहीतर ब्रेक सारखा लागत नाही. उजव्या बाजूचा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना काढून साफ केल्या, त्यांना सिलिकॉन ग्रीसच लावलं कारण साध्या ग्रीसने रबर फुगतं. होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवे टाकले. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती दाखवून माप घेतलं, डिस्क ठीक होती म्हणून तीच ठेवली. ब्रेक ऑइल आमच्या झाकणावर लिहिलेलं तेच, डॉट 4, डबा माझ्यासमोर फोडला आणि ब्रेकच्या पाइपातली एअर काढताना पेडल मारायला मलाच बसवलं.

तक्रार एकच, पार्ट कोल्हापूरहून यायचा होता आणि उशीर होतोय हा फोन त्यांनी करायला हवा होता, मलाच सारखं विचारावं लागलं. जुना कॅलिपर आणि पॅड न मागता डिकीत ठेवून दिले, बिलात मजुरी आणि पार्ट वेगवेगळे लिहिलेले. आता ब्रेक मारला की गाडी सरळ थांबते. गाडी सकाळी लवकर लावा, दुपारनंतर गेलात तर नंबर दुसऱ्या दिवशीच लागतो.