ताब्याआधीची घरतपासणी सेवा : अहवाल जाडजूड, नोटिशीला उपयोगी किती?

नव्या फ्लॅटचा ताबा घेण्याआधी पैसे घेऊन घर तपासून देणाऱ्या सेवा मुंबई-पुण्यात आता सहज मिळतात. दर चौरस फुटावर, काम साधारण अर्ध्या दिवसाचं, शेवटी हातात रंगीत फोटोंचा अहवाल. घ्यावी का? घ्यावी, पण तिच्याकडून काय करून घ्यायचं ते आधी ठरवून.

उघडे दोष ही मंडळी नीट पकडतात. ठोकल्यावर पोकळ वाजणारी टाइल, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, न जाणारा बाथरूमचा उतार, ओळंब्यात नसलेली चौकट, अर्थिंग नसलेला सॉकेट, टेस्टचं बटण दाबूनही न पडणारा आरसीसीबी (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा स्विच). फीचे पैसे इथेच वसूल होतात.

छुप्या दोषांपाशी मात्र सेवा लंगडी पडते. जाहिरातीत थर्मल कॅमेरा मिरवतात. पण त्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. एप्रिलच्या कोरड्या भिंतीत तो कसली ओल दाखवणार? पिनवाल्या मॉइश्चर मीटरचे आकडे मुळात लाकडासाठी बसवलेले असतात. प्लास्टरवर ते टक्केवारी म्हणून वाचायचे नसतात, एकाच भिंतीच्या दोन जागा ताडून पाहायच्या असतात. त्यात भिंतीला क्षार फुटले असतील तर आकडा उगाच फुगतो.

सगळ्यात त्रास देतो तो बाथरूमचा सन्क स्लॅब, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅब. टाइलखालचं वॉटरप्रूफिंग कच्चं राहिलं की पाणी कोब्यात (त्या स्लॅबवरच्या भरावात) साठत जातं आणि कित्येक महिन्यांनी खालच्या घराच्या छताला डाग पडतो. त्यातल्या त्यात भरवशाची चाचणी जुनीच आहे : नहाणी ट्रॅप बंद करा, इंचभर पाणी भरा, पातळीची खूण करा, 24 ते 48 तास थांबा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहा. अर्ध्या दिवसाच्या पॅकेजात हे बसत नाही, वेगळं मागावं लागतं. खालच्या फ्लॅटची किल्ली साइट ऑफिसने दिली नाही, तर तेही अहवालात लिहून घ्या.

अहवालाची भाषा हा आमचा मोठा आक्षेप. ‘भिंतीला भेग’ एवढ्याने काही होत नाही. बीमच्या खालून सरळ आडवी गेलेली भेग बहुधा ब्लॉक आणि काँक्रीटच्या सांध्यावर जाळी न मारल्याची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग वेगळी, तिथे लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, पाहावं लागतं. कारण लिहिणं गरजेचं, कारण सगळी लढाई त्यावरच होते. रेरा या घरबांधणी व्यवसायावर नियमन ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. बिल्डरचं ठरलेलं उत्तर : तुम्ही ड्रिल मारलंत, टाइल बदललीत, म्हणून दोष तुमचाच. बऱ्याच करारांत तसं कलमही असतं. म्हणून इंटिरियरचा सुतार घरात शिरण्याआधीचा, तारीख असलेला अहवाल हवा.

त्यानंतर बिल्डरला ईमेल आणि स्पीड पोस्टाने नोटीस. 30 दिवसांत काम झालं नाही तर महारेराकडे (या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) ऑनलाइन तक्रार, शुल्क 5,000 रुपये. नुकसानभरपाई हवी असेल तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. या पायऱ्या अहवालासोबत एका पानावर द्यायला काय हरकत आहे?

जुनं घर घेताना हीच सेवा आणखी तोकडी. बिल्डरने ताबा देऊन 5 वर्षं झाली नसतील तर रेराच्या कलम 2(ड) मधल्या ‘अलॉटी’च्या, म्हणजे बिल्डरकडून घर घेणाऱ्याच्या, व्याख्येत पुढचा खरेदीदारही येतो, त्यामुळे उरलेली मुदत त्याला मिळते. त्यानंतर आधार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 चा. विक्रेत्याला माहीत असलेला आणि साध्या काळजीने खरेदीदाराला न दिसणारा महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. दडवला तर कायदा त्याला फसवणूक मानतो. पण त्याला तो माहीत होता हे दाखवायचं कसं? सोसायटीच्या सभांच्या इतिवृत्तात गळतीच्या तक्रारी फ्लॅट नंबरासकट सापडतात. ताजा रंग मारलेल्या छताचे वीस फोटो काढणारे तपासनीस ते रजिस्टर मागतही नाहीत.

सही करण्याआधी सेवेच्या अटी वाचा. तपासनीसाची स्वतःची जबाबदारी अनेकदा घेतलेल्या फीपुरतीच ठेवलेली असते.

पाचपैकी तीन तारे. पहिल्या पावसाळ्यानंतरची दुसरी फेरी त्याच पैशांत देणाऱ्यांना चार.